प्रोग्रामचे ज्ञान कोठे वसते?

सॉफ्टवेअर-निर्मितीचे नेतृत्व करू पाहणाऱ्यांना फ्रेड ब्रुक्स यांचा ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५) हा ग्रंथ आवर्जून सुचवला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु प्रोग्रामविषयीचे ज्ञान लिखित मजकुरात मावते काय, हा ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञानाच्या स्वरूपाचा व अधिष्ठानाचा प्रश्न डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये ‘प्रोग्रामिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग’ या निबंधात उपस्थित केला, आणि तो निबंध ब्रुक्स यांच्या ग्रंथाआधी वाचला जावा.

नाउर यांनी उपपत्तीची, म्हणजे ‘थिअरी’ची, कल्पना गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाकडून घेतली. उपपत्ती म्हणजे कृती कुशलतेने करता येणे एवढेच नव्हे, तर ती तशीच का केली हे सांगता येणे आणि नव्या शंकेलाही उत्तर देता येणे. प्रोग्रामची अशी उपपत्ती प्रोग्रामरांच्या ठायी असते. कोड आणि दस्तऐवज ही तिची केवळ बाह्य चिन्हे होत.

नाउर यांनी दिलेले उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. एका गटाने कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणारी प्रणाली, तयार केला. दुसऱ्या गटाला तो थोड्या विस्तारित भाषेसाठी वाढवायचा होता. त्यांच्या हाती टिपांसह संपूर्ण कोड होता, रचनेमागील चर्चेची टिपणे होती, मूळ गटाचा सल्लाही होता. तरीही त्यांनी सुचवलेले बदल अनेकदा वरून ठिगळे लावल्यासारखे होते. मूळ रचनेतच सामावलेल्या सोयी त्यांच्या ध्यानी आल्या नाहीत, उलट मूळ गटातील मंडळींना तो दोष तत्काळ दिसला आणि त्यांनी त्याच चौकटीत सोपे उपाय सुचवले.

भारतीय तत्त्वज्ञानातील न्यायदर्शन आप्तवाक्याला, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीच्या वचनाला, प्रमाण मानते. कंपायलरच्या उदाहरणात वचन खरे होते, वक्ताही आप्त होता. उणीव होती ती स्वतः निर्णय करण्याच्या सामर्थ्याची. म्हणूनच उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवल्यास उशीर आणखी वाढतो, हा आयबीएमच्या ओएस/३६० या प्रकल्पाच्या अनुभवातून ब्रुक्स यांनी मांडलेला नियम नाउर यांच्यामुळे अधिक खोलवर उमगतो: नवागताला माहिती देता येते, उपपत्ती त्याला स्वतःच उभारावी लागते. उपपत्ती बाळगणारा गट पांगला की प्रोग्राम मृत होतो, हा नाउर यांचा निष्कर्ष कठोर आहे, तथापि माणसांची सर्रास अदलाबदल करणाऱ्या व्यवस्थापकांनी तो टाळून पुढे जाऊ नये. नवागताने जाणत्यांच्या निकट सहवासात प्रत्यक्ष काम करावे, हा त्यांनीच सुचवलेला मार्ग आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रकात राखून ठेवणे हे नेतृत्वाचे काम आहे.