न दिलेल्या मताचा रुबाब

महापालिका निवडणुकीतली मार्करची शाई पुसली जाते की नाही यावर आठवडाभर ज्यांनी रान उठवलं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पुसून बघायला निदान ती बोटाला लावून तरी घेतली होती. माझा राग कोऱ्या बोटावर आहे. त्यातही प्रकार आहेत म्हणा. संक्रांतीला जोडून लोणावळा गाठणारे, यादीत नाव नाही म्हणून परतणारे, ‘सगळे एकाच माळेचे मणी’ म्हणत सोफ्यावर लोळणारे. यांना सोडून देऊ. आळस मला समजतो. मीही उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून तोल सांभाळत, कुरकुरतच केंद्रावर गेलो होतो.

न सोडण्यासारखा प्रकार आमच्याच इमारतीत राहतो. गृहस्थ चाळिशीचे, हुशार, मिळवते. लिफ्टमध्ये इअरफोन न लावता पॉडकास्ट ऐकतात, त्यामुळे त्यांचं तत्त्वज्ञान आम्हा सगळ्यांनाच थोडंथोडं येतं. ते व्यक्तिस्वातंत्र्यवादी आहेत. सरकार म्हणजे बळजबरी, कर म्हणजे कायदेशीर चोरी आणि मत देणं म्हणजे या सगळ्याला संमती. म्हणून ते मत देत नाहीत. २०१५ नंतर पहिल्यांदा नवी मुंबईला नगरसेवक निवडायची संधी मिळाली. मधली साडेपाच वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती होती. म्हणजे कोणाचीच संमती न घेता कारभार कसा चालतो, याचा प्रयोग डोळ्यांदेखत झाला. त्या काळात यांना बळजबरी कमी झाल्यासारखी वाटली का, हे विचारायचं राहून गेलं.

संमतीचं हे प्रकरण मला मोठं गमतीचं वाटतं. सकाळी मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं, तेव्हा संमती नसते. पाण्याचा दाब कमी झाला की पहिली तक्रार मात्र यांचीच, तीही तारीख-वेळेसकट. एनएमएमटीच्या बसथांब्याला छप्पर हवं म्हणून सह्या गोळा केल्या, त्यात सगळ्यात आधी यांची सही. सोसायटीच्या कमिटीची निवडणूक आली तेव्हा स्टिल्ट पार्किंगच्या फेरवाटपासाठी हे पंधरा मजले दारोदार फिरले, छापील जाहीरनामा वाटला आणि हरल्यावर मतमोजणी पुन्हा करायला लावली. तिथे संमती, बळजबरी, अल्पमताचे हक्क, काही आडवं आलं नाही. पार्किंगसाठी मत पवित्र; शहरासाठी मागितलं की लगेच आत्मा डागाळतो. चार सदस्यांच्या प्रभागात बटणं चार दाबायची असल्यामुळे बहुधा चौपट डागाळत असावा.

बरं, हा युक्तिवाद ज्या परंपरेतला, तिचं तरी वाचन असावं. लायसँडर स्पूनर हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन वकील या मंडळींचा आद्यगुरू. सरकारला कोणी संमती दिलेलीच नाही, असं त्याने लिहिलं. पण त्याच लेखनात तो असंही म्हणतो की मत दिलं म्हणून संमती सिद्ध होत नाही. जुलूम आपल्याला न विचारता होतच असेल, तर बचावासाठी हाती आलेलं साधन माणूस वापरणारच. म्हणजे गुरूने मतदानाला मोकळीक दिली आणि शिष्य सोफ्यावर अडून बसले. शिवाय स्पूनर नुसता बसला नव्हता. १८४४ मध्ये त्याने सरकारी टपालाशी स्पर्धा करणारी खासगी टपाल कंपनी काढली, पत्रं स्वस्तात पोचवली, खटले अंगावर घेतले. कंपनी अखेर बंद पडली. पण राजकारणाबाहेर राहून काही करायचं म्हणजे काय, ते त्याने दाखवलं.

आपल्याकडे हीच गोष्ट टपालखात्यातूनच आलेले शेतकरी नेते शरद जोशी यांनी दाखवली. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसला, आणि १९८० मध्ये कांदा-उसाच्या आंदोलनाने रस्ते अडवले. सरकारने शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, ही मागणी लाखोंच्या तोंडी दिली. पुढे १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हा राजकारणात उतरल्याचे टोमणे चुकले नाहीत. राज्यसभेत गेले. २०१० मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध एक असं मंजूर झालं. तो एक म्हणजे जोशी. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अफाट अधिवेशन भरवणारा माणूस एकटा विरोधात मत देतो, हे अनेकांना पटलं नाही. मलाही पटलेलं नाही. पण त्या मताचा वचक नसला तरी हिशेब राहिला. घरी बसून तो राहिला नसता.

निवडणुकीच्या विरोधात खरोखर वजनदार मुद्दा एक आहे, आणि तो आमच्या गृहस्थांना माहीतच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. खुल्या बाजारासाठी पक्ष काढणाऱ्याला पहिल्याच कागदावर खोटं लिहायला लावणारी ही तरतूद. जोशींनी ती बदलण्यासाठी खासगी विधेयक आणलं. ती आजही जागेवर आहे. पण ही अडचण पक्ष काढणाऱ्याची. मतदाराकडून अशी शपथ कोणी घेत नाही.

आणि बाहेरून लढायचं तर लढा ना! १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला जोशींच्या शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेलं कपाशीचं बियाणं गाजावाजा करून पेरलं आणि गुन्हे अंगावर घेतले. इतक्या लांब जायचं नसेल तर महापालिकेची मतमोजणी ज्या दिवशी झाली, तो १६ जानेवारी आठवावा. १९८४ मध्ये याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, जासईच्या आंदोलनात सरकारने घेतलेल्या जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या पाच भूमिपुत्रांचा गोळीबारात मृत्यू झाला. सरकारी बळजबरीविरुद्धचा त्याहून स्पष्ट लढा या भागाने पाहिलेला नाही. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी योजना त्यातून आली. त्याचं नेतृत्व करणारे दि. बा. पाटील तर अनेकदा निवडून आलेले आमदार, पुढे खासदारही. सभागृह की रस्ता, असा पेच त्यांना पडल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं मी गृहस्थांना लिफ्टमध्ये सांगायचा प्रयत्न केला. पॉडकास्ट थांबवून त्यांनी ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. मग म्हणाले, खरा प्रश्न वेगळाच आहे. आपल्या इमारतीखालची जमीन सरकारच्या सिडकोची, आपण साठ वर्षांचे भाडेकरू. मालमत्तेच्या हक्काचं याहून मोठं उल्लंघन कोणतं? मुद्दा बिनतोड होता. करा मग काहीतरी, म्हटलं.

‘‘तुमची त्या नव्या नगरसेवकांशी ओळख आहे ना?’’ ते म्हणाले. ‘‘जरा त्यांच्या कानावर घाला की.’’