मागे फिरण्याचा शब्द

नाशिकच्या एका घरात नेपाळच्या चितवन राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं, तेव्हा थोरल्या मुलाने लगेच कागद पुढे ओढला. सातपूरच्या कारखान्यात उत्पादनाचं वेळापत्रक लावणं हे त्याचं रोजचं काम. निघायची माणसं चार : तो, त्याची बायको, सहावीतली मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई.

त्याने काम मनापासून केलं, हे आधी सांगायला हवं. नुसता महिना निवडायलाच त्याने कितीतरी रात्री घालवल्या. दिवाळीच्या सुट्टीत जाणं सोयीचं, पण पावसाळ्यानंतर तराईतलं गवत माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेलं असतं. त्यात दहा पावलांवर गेंडा उभा असला तरी कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत राप्ती नदीवरचं धुकं हटता हटत नाही. हिवाळ्यात आजूबाजूच्या गावकऱ्यांना काही ठरावीक दिवस छपराचं गवत कापायला उद्यानात सोडतात, मग उरलेल्या गवताला आग लावतात. त्या काळ्या जमिनीतून कोवळे कोंब वर आले, की चितळं आणि गेंडे उघड्यावर चरायला येतात. मार्चमध्ये मुलीची परीक्षा होती. म्हणून फेब्रुवारीचा मधला आठवडा पक्का झाला.

मग रस्ता. नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, पलीकडे भैरहवा, बुटवल, नारायणगढ आणि शेवटी उद्यानाच्या वेशीवरचं सौराहा. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं, शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, शनिवारी तिकडे सुट्टी असते : सगळं कागदावर आलं. पांढरे आणि भडक कपडे घ्यायचे नाहीत, मातकट, खाकी, राखाडी चालतील. उद्यानाच्या आतली हॉटेलं २०१२ मध्येच बंद झाली, तेव्हा मुक्काम बाहेर.

त्याने आकडेही मांडले. उद्यान १९७३ चं, नेपाळमधलं पहिलं. क्षेत्र सुमारे साडेनऊशे चौरस किलोमीटर. २०२१ च्या गणनेत नेपाळात ७५२ गेंडे मोजले गेले, त्यातले ६९४ एकट्या चितवनात. २०२२ मध्ये देशात ३५५ वाघ, चितवनात १२८. या आकड्यांवरून कुणालाही कळेल की गेंडा बहुतेक दिसेल आणि वाघ दिसलाच तर नशीब. त्यालाही कळलं होतं. तरी त्याने दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात ‘सकाळी सहा ते अकरा, पायी सफारी, वाघ’ असंच लिहिलं. ताडोब्यात आजवर त्याला वाघाने हुलकावणी दिली होती आणि तिथे जिप्सीतून पाय खाली ठेवायची सोय नाही. चितवनात वाटाड्यासोबत पायी जाता येतं. या एका गोष्टीने त्याला झपाटलं होतं.

त्याने सौराहातल्या दोघा-तिघांना फोन केले. एकाने वाघाची खात्री दिली. दुसरा एक तिथल्याच थारू जमातीचा वाटाड्या होता, वयाने मोठा, हिंदी थांबत थांबत बोलणारा. तो म्हणाला, “गेंडा दिसेल असं वाटतं. वाघाचं मी सांगू शकत नाही.” थोरल्याचा कल पहिल्याकडे होता. आई शेजारी तांदूळ निवडत ऐकत होती. तिने विचारलं, “तिथं रानात शब्द कुणाचा चालतो?”

“म्हणजे?”

“मागं फिरा म्हणायचं झालं तर कोण म्हणणार?”

“आई, पैसे आपण भरतोय.”

“म्हणून तर विचारते,” आई म्हणाली. “ज्याला वाघ दाखवायचाच आहे, तो मागं फिरा कसा म्हणेल?”

तिच्या आग्रहाखातर दुसऱ्या वाटाड्याशी ठरलं. सौराहात सगळे त्याला दाइ म्हणत, दाइ म्हणजे मोठा भाऊ.

पायी जाण्याच्या दिवशी दाइ पहाटे आला, सोबत त्याचा तरुण जोडीदार. पुढे एक आणि मागे एक असे दोन वाटाडे लागतातच. दोघांच्या हातात बांबूची काठी, याखेरीज हत्यार नाही. एकाच खोडातून कोरलेल्या सावरीच्या होडीतून राप्ती ओलांडली, आणि पलीकडच्या वाळूत दाइने चौघांना उभं केलं. गेंडा अंगावर आला तर सरळ पळायचं नाही, वाकडंतिकडं पळायचं, मोठं झाड गाठायचं, जमलं तर चढायचं, अंगावरचं काहीतरी मागे टाकायचं. त्याला दिसतं कमी, पण वास आणि आवाज पक्का कळतो. आणि तो शिंगाने मारत नाही, खालच्या जबड्यातल्या सुळ्यासारख्या दातांनी चावतो. अस्वल आलं तर एकमेकांना चिकटून उभं राहायचं, काठ्या आम्ही आपटू. वाघ समोर आला तर पाठ दाखवायची नाही, नजर न काढता मागे सरकायचं.

मग तो म्हणाला, “आता प्रत्येकाने मला शब्द द्यायचा. मी फिरा म्हणालो की फिरायचं. कारण नंतर विचारायचं.”

मुलीने दिला. तिच्या आईने दिला. आजीने हात जोडले. थोरला कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत “हो, हो” म्हणाला.

सालाच्या रानात शिरल्यावर पहिला तासभर फक्त पाखरं होती. मग दाइने सगळ्यांना शेणाच्या एका ढिगापाशी थांबवलं. ढीग चांगला गुडघाभर उंच आणि खाटेएवढा पसरलेला. गेंडे पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन लीद टाकतात, तिथे अशी उकिरड्याची जागा तयार होते. त्याने काठीच्या टोकाने वरचा थर बाजूला केला. खाली ओलसर, तंतूतंतूचं, अर्धवट कुजलेलं गवत होतं आणि त्यातून हिरवी रोपं उगवलेली, कुठे दोन पानांची, कुठे चार. “भेल्लर,” दाइ म्हणाला. पावसाळ्यात या झाडाची कडक फळं खाली पडतात, गेंडा ती अख्खी गिळतो. नदीकाठच्या उघड्या गवतात येऊन लीद टाकतो, आणि भर उन्हाच्या, खतावलेल्या जागी बी रुजतं. सावलीत झाडाखाली पडलेल्या बीला ते भाग्य नाही. मुलगी उकिडवी बसून रोपं मोजायला लागली. एका रोपाच्या शेंड्याला बीचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं होतं. तिने बोटाने ते काढायला हात पुढे केला आणि दाइकडे पाहिलं. त्याने मान हलवली, राहू दे. थोरल्याने घड्याळ पाहिलं. या जागेसाठी कागदावर रकाना नव्हता.

साडेआठच्या सुमारास ते नदीकाठी उतरले, आणि तिथे ओल्या वाळूत पंजे होते. मोठे, गोलसर, चार बोटं आणि मागे रुंद गादी. एका ठशाच्या कडा इतक्या ताज्या की वाळूचे कण अजून आत ढासळत होते. दाइ गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “नर. थोड्या वेळापूर्वीचा.” ठसे सरळ गवतात गेले होते. त्या पट्ट्याला अजून आग लावलेली नव्हती. गवत माणसाच्या दुप्पट उंचीचं, वाट एका माणसापुरती.

थोरल्याच्या छातीत धडधड सुरू झाली, ती त्याला स्वतःला ऐकू येत होती. पलीकडे चितळाने कॉल दिला. एकदा, मग लागोपाठ. ताडोब्याला जाऊन आलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तो पुढे सरकला.

दाइची काठी वर गेली.

आई पंढरीची वारी चाललेली. माउलींची पालखी तळावर पोचली की समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो, आणि एवढा मोठा टाळ-मृदंगांचा गजर जागच्या जागी थांबतो. का, असं तिथे कुणी विचारत नाही. काठी वर जाताच ती तशीच थांबली, आणि दाइने “फिरा” म्हणताच ती फिरली. तिच्यामागे नात, नातीमागे सून.

थोरला उभाच. “अहो, वाघ समोर आहे! पन्नास पावलांवर!”

“असेल,” दाइ म्हणाला. “फिरा.”

“कॉल ऐकला ना तुम्ही?”

“ऐकला. आणखीही काही ऐकलं. फिरा.”

तरुण जोडीदार काही न बोलता थोरल्याच्या आणि गवताच्या मधे येऊन उभा राहिला. आई बरीच पुढे गेली होती, तिने वळूनही पाहिलं नाही. तो फिरला तो तिच्यासाठी. दाइचा शब्द मानून तो अजून फिरला नव्हता.

परतीच्या वाटेवर काहीही घडलं नाही. मागून कुणी अंगावर आलं नाही, गवत हललं नाही, डरकाळी ऐकू आली नाही. अकराला संपायची पायपीट दहाच्या आधीच संपली. दुपारी जेवणाच्या ताटावर थोरला गप्प होता.

टळलेल्या संकटाचं हे असंच असतं. जे घडतं ते दिसतं, त्याची गोष्ट होते. जे घडू दिलं नाही, त्याचा पुरावा कुठून आणणार? रानातल्या, दर्यावरच्या, डोंगरातल्या सगळ्या वाटाड्यांच्या वाट्याला ही पंचाईत येते, आणि त्यांच्या अशा मुक्या शहाणपणाचे पैसे क्वचितच कुणी खुशीने मोजतो.

संध्याकाळी तो दाइच्या घरी गेला. मातीने लिंपलेल्या भिंती, अंगणात वाळत घातलेला छपराच्या गवताचा भारा. चहा आला. थोरल्याने सरळच विचारलं, “तुम्ही काय ऐकलं होतं?”

“गेंड्याच्या पिल्लाचा आवाज,” दाइ म्हणाला. “पिल्लू गवतात, म्हणजे आई जवळ. वाघ जवळ असला की ती बिथरलेली असते, आणि वाट एका माणसापुरती.”

“नक्की तोच आवाज होता?”

दाइने बराच वेळ चहाच्या पेल्याकडे पाहिलं. “नक्की नाही सांगू शकत.”

“म्हणजे कदाचित तिथे काहीच नसेल.”

“कदाचित. मी फिरतो ते दर वेळी बरोबर ठरलं, तर त्याचा अर्थ मी फार उशिरा फिरतो.”

मग त्याने न विचारता सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्याच्यासोबत असाच एक जोडीदार होता. पाहुण्यांना आणखी जवळून फोटो हवे होते. जोडीदाराने दोनदा फिरा म्हटलं, तिसऱ्यांदा तो संकोचला. मोसमाचे महिने थोडे, घर त्याच्यावर चालणारं, आणि नाराज पाहुणा बक्षिसी देत नाही. गेंडा अंगावर आला, तेव्हा पाहुणे झाडावर चढले, त्यांना खरचटलंही नाही. जोडीदाराची मांडी फाटली. तो आता शेती करतो, बसून जेवढी होते तेवढी. पाहुणे दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे पोखऱ्याला गेले.

“तेव्हापासून मी नदी ओलांडल्यावर पहिल्यांदा शब्द मागतो,” दाइ म्हणाला. “गवतात शिरल्यावर मागितला तर कुणी देत नाही.”

त्याने आपल्या वडिलांबद्दलही सांगितलं. त्यांच्या तरुणपणी ही सगळी तराई मलेरियाची होती, थारूंशिवाय इथे कुणी टिकत नसे. १९५० च्या दशकात डीडीटीची फवारणी झाली, डोंगरातली माणसं खाली उतरली, रान तुटलं, आणि साठचं दशक संपता संपता गेंडे शंभराच्या आसपास उरले. मग उद्यान झालं, सैन्य आलं, शिकार थांबली आणि गावकऱ्यांचं गवतही थांबलं. १९९६ मध्ये भोवतीचा पट्टा बफर क्षेत्र ठरला, तेव्हापासून उद्यानाच्या उत्पन्नातला तीस ते पन्नास टक्के वाटा या गावांच्या कामांसाठी येतो. आजही गवत कापायला गेलेल्या माणसावर गेंडा येतो, वाघही येतो. “तुम्ही एक सकाळ त्याच्या वाटेत असता,” दाइ म्हणाला, “माझी सून रोज असते.”

थोरला परत आला तेव्हा जेवणं झाली होती. त्याने बायकोला सगळं सांगितलं. आईला काही सांगितलं नाही, ती झोपली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीपची सफारी होती. एका जीपमध्ये दोन-तीन कुटुंबं, पुढे चालक, त्याच्या शेजारी दाइ. निघण्याआधी दाइने पुन्हा शब्द मागितला. या वेळी थोरल्याने कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाला, “तुम्ही फिरा म्हणालात की फिरू.” बाकीच्यांनीही हसत हसत शब्द दिला. त्यांना ही काहीतरी गमतीची प्रथा वाटली.

सूर्य कलत आला असताना वळणावर गेंड्याची मादी उभी होती, चिलखतासारख्या घड्यांवर चिखल वाळलेला. तिच्या पोटाआड पिल्लू. दाइने हात केला, जीप थांबली. मागच्या बाकावरचा एक गृहस्थ लांबलचक लेन्स घेऊन उभा राहिला. “जरा पुढे घ्या. पिल्लू दिसत नाहीये.” आणखी दोघांनी री ओढली. दाइ म्हणाला, “बस, इथेच.” गृहस्थ चालकाला म्हणाला, “भाई, तुला वेगळे देतो.” जीप हळूच सरकली. मादीचे कान एकदम जीपच्या दिशेने पुढे झाले आणि तिने डोकं खाली घातलं.

दाइ म्हणाला, “मागे.” गलक्यात ते चालकाला ऐकू गेलं की नाही, कळेना.

“गुरुजी, गाडी मागे घ्या!” थोरला एवढ्या मोठ्याने म्हणाला की सगळे दचकले. नेपाळात चालकाला गुरुजी म्हणतात, हे त्याने कागदावर लिहून आणलं होतं.

“तुम्ही कोण सांगणार?” लेन्सवाला उसळला. “आम्हीही पैसे भरलेत.”

“सांगणारे ते आहेत,” थोरला दाइकडे बोट दाखवत म्हणाला. “मी त्यांना शब्द दिलाय. तुम्हीही दिलाय.”

चालकाने गिअर टाकला. जीप मागे गेली, वळणाच्या अलीकडे थांबली. बऱ्याच वेळाने मादी रस्ता ओलांडून गेली, पिल्लू तिच्या मागोमाग दुडदुडत. झाडांच्या आडून जेवढं दिसलं तेवढंच.

वाघ त्या दिवशीही दिसला नाही. अंधार पडायच्या आत राप्ती ओलांडायला सगळे होडीत बसले, तेव्हा लेन्सवाला गृहस्थ थोरल्याकडे पाठ करून बसला होता. आईने पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली, तोडली आणि पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला.