तीर्थाचे पाणी



देवदर्शनानंतर आपण उजव्या तळहातावर तीर्थ घेतो. ते देताना जो श्लोक म्हटला जातो, त्यात अकाली मृत्यू टळावा व सर्व व्याधींचा नाश व्हावा, अशी प्रार्थना आहे. परंतु पंचपात्रीतील पाणीच व्याधी घेऊन आले असेल तर? हा प्रश्न डिसेंबर २०२५ पासून आमच्या मनात घर करून बसला आहे. त्या महिन्याच्या अखेरीस आपल्याच इंदूरात, भागीरथपुऱ्यात, नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले. वांत्या-जुलाबांनी शेकडो लोक आजारी पडले, कित्येकांचे प्राण गेले. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिले आलेले हे नगर! इतक्या दुरून आणलेली नर्मदामाई आपल्या दारापाशी येऊन बाटली.

जुलाब निदान लगेच कळतात. कावीळ अधिक कपटी. 'अ' प्रकारच्या काविळीचा विषाणू रोग्याच्या मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. लक्षणे दिसण्यास १५ ते ५० दिवस लागतात, आणि डोळे पिवळे होण्यापूर्वीच रोगी तो सर्वाधिक पसरवीत असतो. लहान मुलांत तर पुष्कळदा कावीळ दिसतही नाही. हसतखेळत प्रसादाच्या ताटात हात घालणारे मूलही तो वाहून आणू शकते. पाणी नितळ दिसले, तुरटी फिरविली, वस्त्रगाळ केले, एवढ्याने हा विषाणू जात नाही. खळखळून उकळल्याने मात्र मरतो.

आम्ही भीत भीत तीर्थरूप वडिलांपुढे विषय काढला. ते म्हणाले, "अरे, तीर्थाला ताजे पाणी लागते. रात्री तापवून ठेवलेले शिळे पाणी देवाला घालू?" आक्षेप रास्त होता. सोवळ्याचा कंटाळा म्हणून मुलाला हे सुचले, असे त्यांना वाटू नये, एवढीच आमची धडपड. आम्ही इतकेच म्हणालो, "नैवेद्याची खीर आपण उकळूनच करतो ना, अप्पा?"

त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीपेक्षा तासभर आधी उठले, सोवळ्यात हंडाभर पाणी उकळले आणि पूजेच्या वेळेपर्यंत झाकून निवविले. तोच क्रम आजही चालू आहे. पंचामृताचे दूधही आता तापवूनच घेतात.

राहिला आपला तळहात. चपला काढलेल्या हातावरच आपण तीर्थ घेतो! पायरीजवळच्या नळापाशी साबण ठेवला आहे. तसेच ज्यांच्या घरी काविळीची शंका असेल, त्यांनी वैद्यांनी हरकत नाही म्हणेपर्यंत महाप्रसादाच्या स्वयंपाकास हात लावू नये, अशी वडिलांची विनंती आहे. त्यांची पाने आम्ही घरपोच पाठवू.