माया आणि मात्रा

हेतू शुद्ध असला म्हणजे कर्मही शुद्ध झाले काय? शास्त्रीमंडळी यावर पुष्कळ वाद घालतील. मी आपला तापलेल्या लेकराच्या उशाशी बसून विचारतो.

नवी मुंबईत, तुर्भ्याच्या बाजारात, कांद्याची गोण तोलल्यावाचून कोणी कोणाला देत नाही. तेथेच राबणारा बाप घरी मात्र तापाचे औषध ‘घाल गं चमचाभर’ म्हणून मोकळा होतो! लबाडी नाही, मायाच आहे. पण ऐका. पॅरासिटॅमॉलच्या थेंबांच्या बाटलीत साधारणतः एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये पुष्कळदा पाच मिलिलिटरला १२०. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. थेंबांचे औषध पाच मिलिलिटर पाजले की झाले ५००, म्हणजे मोठ्या माणसाची गोळी! असे वरचेवर झाले तर यकृत बिघडते. यकृत काही आईचे मन वाचीत नाही.

म्हणून बालकक्षातील परिचारिका आधी मूल तोलते, मग हिशेब करते, जोखमीचे औषध असेल तर दुसरीकडून ताडून घेते. शंका आली तर डॉक्टरांनाही पुन्हा विचारते. कोणी याला उद्धटपणा म्हणतात; मला तो आक्षेपच पटत नाही. शार्ङ्गधरानेसुद्धा पहिल्या महिन्याच्या बाळाला गुंजभर औषध सांगून पुढे महिन्यागणिक एकेक गुंज वाढविली. त्याने वय धरले, आज वजन धरतात. अंदाज कोणीच धरला नाही.

तेव्हा मायबापहो, बाटलीसोबतचे माप फेकू नका. आणि दुकानदाराला विचारा, हे थेंब की सिरप?