सशक्ताची सोय आणि अशक्ताचा जीव

आपल्या हातून दुसऱ्याचें नुकसान झालें कीं नाहीं, हें जेथें कधींच निश्चित कळणार नाहीं, तेथें मनुष्य जबाबदार असतो काय? हा प्रश्न पुस्तकी दिसतो. परंतु कोरोनाच्या साथीनें तो प्रत्येकाच्या उंबरठ्यावर आणून ठेविला, आणि साथ ओसरल्यावरही तो तेथून हललेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. विषाणु मात्र संपला नाहीं, आणि ज्यांस त्याचें विशेष भय आहे असे रोगीही आपल्या गांवोगांवीं आहेत. त्यांपैकीं कर्करोगानें पीडित असलेल्या बंधुभगिनींविषयीं आज आम्ही लिहीत आहों.

प्रथम आमचाच दोष सांगतों. कारण तो झांकून ठेवून इतरांस बोध करणें आम्हांस शोभणार नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें साथीची तिसरी लाट चालू असतां आमच्या मंडळींतील एक बंधु मुंबईहून उपचार घेऊन घरीं परतला होता. त्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग होता व त्यासाठीं शिरेंतून औषधें दिलीं जात होतीं. त्याच्या दारीं कोणी फिरकत नाहीं असें ऐकून आम्ही त्याच संध्याकाळीं त्याच्याकडे गेलों. आमचा घसा दोन दिवसांपासून खवखवत होता. थंडीचे दिवस, त्यांत रोजचें बोलणें. म्हणून आम्ही तें मनावर घेतलें नाहीं. तोंडावरचा मास्कही काढून ठेविला, कारण झांकल्या तोंडानें आपुलकीचें बोलणें होत नाहीं असें आम्हांस वाटलें. त्याचा हात हातांत घेऊन अर्धा तास बसलों, प्रार्थना केली आणि समाधानानें परत आलों. पांचव्या दिवशीं त्याला ताप आला. तपासणींत कोरोना निघाला. तीन आठवड्यांनीं तो वारला. तो रोग आमच्याकडून गेला, कीं इस्पितळाच्या वाटेवर कोठें लागला, हें कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. आम्ही आपल्या घशाची तपासणी केलीच नव्हती.

अशा रोग्यांस अधिक भय कां असतें, हें आम्ही पुढें समजून घेतलें. तें आधीं समजून घ्यावयास हवें होतें. शरीरांत शिरलेल्या रोगजंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मुख्यत्वें हाडांतील मगजांत तयार होतात. रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत हें सैन्यच बिघडलेलें असतें. शिवाय केमोथेरपीचीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींचा नाश करितात. हाडांतील मगजही झपाट्यानें वाढणारा, म्हणून रोगाबरोबर त्यालाही मार बसतो. पुष्कळ औषधांच्या बाबतींत एक ते दोन आठवड्यांनीं ह्या पेशींची संख्या सर्वांत खालीं जाते. म्हणजे रोगी घरीं येऊन अंगणांत बसूं लागलेला असतो, शेजाऱ्यांस तो बरा दिसतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो सर्वांत अरक्षित असतो. कांहीं औषधें तर ज्या पेशींपासून प्रतिपिंडें निपजतात त्याच नाहींशा करितात; मग लस टोंचूनही पुरतें संरक्षण मिळेलच असें नाहीं.

हा केवळ तर्क नव्हे. साथीच्या आरंभीं, २०२० मध्यें, चीनमधील १,५९० कोरोनाग्रस्तांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत कर्करोगाचे अवघे १८ होते. पण त्यांपैकीं शेंकडा ३९ अत्यवस्थ झाले किंवा दगावले. इतरांत हें प्रमाण शेंकडा ८ होतें. अठरा ही संख्या लहान, म्हणून तिच्यावर फार भार टाकूं नये. परंतु त्याच वर्षीं मे महिन्यांत अमेरिका, कॅनडा व स्पेन येथील ९२८ कोरोनाग्रस्तांची माहिती प्रसिद्ध झाली. त्या सर्वांस कर्करोग होता किंवा पूर्वीं होऊन गेला होता, आणि त्यांपैकीं १२१ जण, म्हणजे शेंकडा १३, तोंपर्यंत मरण पावले होते. सर्वांस भय सारखें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. कित्येक वर्षांपूर्वीं बरा होऊन आतां कोणतेंही औषध न घेणारा मनुष्य, आणि रक्ताच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगानें अंथरुणास खिळलेला मनुष्य, ह्यांत मोठें अंतर आहे. वय, मधुमेह व हृदयविकार हेही ह्या भयांत भर घालितात.

आतां कोणी म्हणेल, "ज्याला भय आहे त्यानें घरीं बसावें, एकासाठीं शंभरांनीं आपला व्यवहार कां आवरावा?" हें बोलणें न्यायाचें वाटतें, परंतु तें न्यायाचें नाहीं. पहिली गोष्ट ही कीं, त्याला घरीं बसतां येत नाहीं. ठरलेल्या दिवशीं एस. टी. नें किंवा आगगाडीनें त्याला इस्पितळांत जावेंच लागतें. आणि तो घरीं बसला तरी त्याच्या दोन खोल्यांच्या घरांत शाळेंतून मुलें येतात, बाजारांतून बायको येते, विचारपूस करावयास आमच्यासारखा पाळक येतो. रोग त्याच्याकडे चालत जातो तो धडधाकटांच्या पायांनीं. दुसरी गोष्ट ही कीं, न्यायाच्या तागडींत माणसांची संख्या घालावयाची नसते, तर कोणाचें काय जातें हें घालावयाचें असतें. शंभरांचें जाणार तें एका तासाची सोय, एका जेवणावळीची मौज. त्या एकाचा जाणार तो जीव.

आपल्या शेतकरी बंधूंस हें सहज कळेल. ज्याचें घर कौलारू आहे तो शेतांतील पाचट निर्धास्त पेटवितो, कारण ठिणगी उडाली तरी त्याच्या छपराला कांहीं होत नाहीं. परंतु शेजारचें छप्पर गवताचें असेल, तर शहाणा मनुष्य आधीं वारा पाहतो. ठिणगी नेमकी कोणाच्या शेतांतून उडाली हें मागाहून सिद्ध होवो अगर न होवो. वारा न पाहतां आग लावणें हाच त्याचा दोष. आरंभीं मांडलेल्या प्रश्नाचें आमचें उत्तर हेंच आहे. परिणाम आपल्या हातीं नसतो व पुष्कळदां तो कळतही नाहीं. सावधगिरी मात्र आपल्या हातीं असते, आणि जाब द्यावयाचा तो तिचाच. लक्षणें दिसण्यापूर्वीं एकदोन दिवसही हा रोग दुसऱ्यास लागूं शकतो. तेवढ्याबद्दल कोणी कोणास दोषी धरूं नये. परंतु घसा खवखवत होता, हें आम्हांस ठाऊक होतें.

ह्याच्या उलट दुसरा एक दोष आहे, आणि तो पहिल्यापेक्षां लहान नाहीं. आमच्या त्या बंधूच्या दारीं कोणी फिरकत नव्हतें, तें त्याला जपण्यासाठीं नव्हे. कर्करोग शिवल्यानें होत नाहीं. तरी कित्येक घरांत अशा रोग्याचा पेला वेगळा ठेवितात, त्याची वाकळ वेगळी धुतात. साथींत ह्या विटाळाला सावधगिरीचें नांव मिळालें. त्याच्यासाठीं भिणें वेगळें आणि त्याला भिणें वेगळें. पहिल्यांत प्रीति असते, दुसऱ्यांत केवळ स्वतःची काळजी.

भयाचा अतिरेक स्वतः रोग्यांसही घातक झाला. विलायतेंतील ८०० कर्करोग्यांच्या पाहणींत कोरोनानें शेंकडा २८ मृत्यु पावले, हें खरें. परंतु वय व इतर विकार लक्षांत घेतल्यावर, मागील चार आठवड्यांत केमोथेरपी घेतलेल्यांत मृत्यूचें प्रमाण न घेतलेल्यांपेक्षां लक्षणीय अधिक आढळलें नाहीं. म्हणजे प्रत्येकानें उपचार सोडून घरीं बसावें असा त्याचा अर्थ नव्हता. आपल्या देशांत मात्र काय झालें? टाळेबंदींत गाड्या बंद, हातांत पैसा नाहीं, मनांत धास्ती. १ मार्च ते ३१ मे २०२० ह्या तीन महिन्यांत ४१ कर्करोग रुग्णालयांत नव्यानें नांव नोंदविणाऱ्यांची संख्या ५१,७६० भरली. आदल्या वर्षीं त्याच काळांत ती १,१२,२७० होती. निम्म्याहून अधिक घट. ते साठ हजार लोक बरे झाले नव्हते. ते आपली गांठ घेऊन घरींच बसले होते. १९४१ पासून परळ येथें असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयानें त्या दिवसांतही आपलीं दारें उघडीं ठेविलीं. कारण उपचारावांचून मरणारे साथीनें मरणाऱ्यांहून अधिक होतील, हें तेथील वैद्यांनीं ओळखलें होतें. सावधगिरी म्हणजे दार बंद करणें नव्हे, हें त्यांनीं करून दाखविलें.

तर मग आपण काय करावें? घसा, ताप, खोकला असेल त्या दिवशीं लग्न, बारसें, मयत, उपासना ह्यांस जाऊं नये. जाणें अगदींच चुकत नसेल तर तोंड झांकावें व उघड्यावर थांबावें. गर्दींत कोण रोगी आहे हें ठाऊक नसतें, कारण लाजेनें पुष्कळजण आपला रोग सांगत नाहींत. म्हणून हा नियम कोणाकडेही बोट न दाखवितां सर्वांनींच पाळावा. रोग्याच्या घरच्यांनीं वैद्यांस विचारून लस घ्यावी. त्याला ताप आला तर उद्यांवर न टाकतां त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. आणि आपण निरोगी असूं तेव्हां त्याच्याकडे अवश्य जावें. त्याचें पाणी भरावें, औषध आणून द्यावें, इस्पितळांत सोबत करावी. जातां येत नसेल तर निरोप तरी पाठवावा.

सुमारें वर्षानें आम्ही त्या बंधूच्या विधवेस आपल्या घशाची गोष्ट सांगितली. तोंवर ती जेव्हां भेटे तेव्हां आमचे आभार मानीत असे, कारण त्या दिवसांत तिच्या घरीं आलों ते आम्ही एकटेच. आणि तें ऐकणें आम्हांस असह्य झालें होतें. ती पुष्कळ वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही आलांत तें बरेंच केलेंत. पण अंगणांतून बोलला असतां तरी त्यांना पुरलें असतें." तेव्हांपासून कोणाच्याही आजाऱ्याकडे जातांना आम्ही दारांत थांबून आधीं स्वतःची चौकशी करितों. वाचकहो, तुम्हीही तसेंच करा. आणि मग अवश्य जा.