नटाचे अलिप्तपण

विद्यारण्यांच्या 'पंचदशी' या वेदान्तग्रंथात 'नाटकदीप' नावाचे एक प्रकरण आहे. नृत्यशाळेतला दिवा यजमान, सभासद आणि नर्तकी या सर्वांना सारखाच उजळतो आणि ती सारी निघून गेल्यावरही तेवत राहतो, तसा आत्मा अहंकाराच्या उलाढालींचा केवळ साक्षी असतो, असे त्यात प्रतिपादले आहे. या सिद्धांताचा आधार घेऊन एखादा नट म्हणेल की, भूमिका मी फक्त धारण करतो, तिच्या पापपुण्याशी माझा संबंध नाही. ही कैफियत कितपत ग्राह्य मानावी?

इटलीच्या जान मारिया वोलोंते याचे चरित्र या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते. १९३३ साली मिलानमध्ये जन्मलेला हा नट रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीत शिकून रंगभूमीवर आला. १९६४ साली सर्जिओ लिओनेच्या चित्रपटात 'जॉन वेल्स' या टोपणनावाने खलनायक झाला. आणि १९७३ साली, धर्मपीठाच्या फर्मानामुळे १६०० मध्ये रोमच्या भर चौकात जिवंत जाळला गेलेला तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनो त्याने पडद्यावर उभा केला. १९७५ साली कम्युनिस्ट पक्षातर्फे तो लात्सिओच्या प्रादेशिक कौन्सिलवर निवडून गेला, पण थोड्याच अवधीत त्याने राजीनामा दिला.

त्याच्या दोन भूमिका मात्र एकत्रच पाहिल्या पाहिजेत. १९७६ च्या 'तोदो मोदो' या चित्रपटात, भूगर्भातल्या मठात आत्मचिंतनासाठी जमलेल्या सत्ताधाऱ्यांचा मृदुभाषी, हात जोडून वावरणारा जो म्होरक्या त्याने रंगविला, त्यात प्रेक्षकांना आल्दो मोरो हे राजकारणी स्पष्ट दिसत होते. १९७८ च्या मार्चमध्ये 'रेड ब्रिगेड्स' या अतिडाव्या सशस्त्र संघटनेने मोरोंचे अपहरण केले आणि पंचावन्न दिवसांनी त्यांचे प्रेत एका मोटारीत सापडले. पुढे १९८६ साली तोच वोलोंते पडद्यावर खुद्द मोरो झाला: कोंडलेला, पत्रांमागून पत्रे लिहिणारा, हुद्दा आणि अखत्यार गमावलेला माणूस. या भूमिकेबद्दल पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये त्याचा गौरव झाला.

हे प्रायश्चित्त होते असे मी म्हणणार नाही, कारण सत्तेचा उपहास हे पाप नव्हे. परंतु पूर्वी ज्याला हास्यास्पद केले त्याच माणसाची असहायता त्याच चेहऱ्याने दाखविणे, ही साक्षित्वाच्या पलीकडची गोष्ट आहे. दिव्याला निवड नसते, नटाला असते. म्हणून रंगमंचावर त्याने कितीही अलिप्त राहावे, भूमिका पत्करण्याच्या क्षणी तो कर्ताच असतो, आणि त्या कर्तृत्वाची जबाबदारी आत्म्याच्या खाती वळती करता येत नाही.