राष्ट्रगीत, पडदा आणि प्रेक्षक

चित्रपट हा समाजाचा आरसा असतो, हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की त्यातील रूपक तपासून पाहण्याची गरज सहसा कुणाला भासत नाही. आरसा निवड करीत नाही, कॅमेरा करतो. शिवाय आरशासमोर उभा राहणारा आणि आरशात पाहणारा एकच असतो, तर चित्रपटगृहात दिसणारा आणि पाहणारा हे दोघे भिन्न असतात. या दोघांत कोणते नाते असावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही, तो नीतीचाही होतो. राष्ट्र या संकल्पनेच्या संदर्भात तर तो टाळताच येत नाही.

भारतीय चित्रपटाच्या प्रारंभीच या प्रश्नाचे बीज आहे. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना दादासाहेब फाळके यांना पडद्यावर आपली दैवते पाहण्याची आस लागली आणि त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ साकार झाला. पडद्यावर ‘आपले’ काही दिसावे, ही ती स्वदेशी प्रेरणा. मात्र या ‘आपण’मध्ये कोणाकोणाचा समावेश होतो, हे तेथे अनुत्तरित राहिले. शंभर वर्षांनी नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) नेमका हाच प्रश्न एका प्रसंगातून विचारला.

जब्या हा कैकाडी समाजातील शाळकरी मुलगा. गावाच्या सांगण्यावरून त्याच्या कुटुंबाला डुक्कर पकडावे लागते आणि आपली ही अवस्था वर्गातल्या मुलांच्या दृष्टीस पडू नये म्हणून तो धडपडत असतो. डुक्कर हाताशी येते, त्याच क्षणी शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या थबकतो, पाठोपाठ घरची माणसेही स्तब्ध होतात. डुक्कर निघून जाते.

या प्रसंगाला राष्ट्रगीताची विटंबना म्हणणे हे उघडच चुकीचे वाचन ठरेल. जब्याचे स्तब्ध होणे खोटे नाही. उलट, गावात सर्वांत कमी मान असलेले हे कुटुंब नागरिकाचे कर्तव्य, स्वतःचे नुकसान सोसून, विनातक्रार पार पाडते. आल्थुसरच्या परिभाषेत सांगायचे तर राष्ट्राने घातलेल्या हाकेला ते ‘ओ’ देतात. प्रश्न असा की, या कुटुंबाने घातलेल्या हाकेला ‘ओ’ कोण देणार?

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घ्यावा लागतो. सामूहिक विधी माणसांना खरोखरच जोडतात. बेनेडिक्ट अँडरसनने राष्ट्राला कल्पित समुदाय म्हटले ते त्याला असत्य ठरविण्यासाठी नव्हे; परस्परांना कधीही न भेटलेली माणसे एका सुरात गातात तेव्हा त्या समुदायाचा प्रत्यय येतो, असेच त्याचे प्रतिपादन आहे. राष्ट्रगीताच्या सुमारे ५२ सेकंदांत जब्या आणि त्याला हिणविणारी मुले एकाच स्थितीत उभी असतात. ही समता क्षणिक असली तरी ती निरर्थक नव्हे. परंतु गीत संपताच हसणारे पुन्हा हसू लागतात आणि धावणाऱ्यांना पुन्हा धावावे लागते. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, या ज्या विसंगतीचा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता, तिचे दृश्यरूप याहून नेमके क्वचितच आढळेल.

आता प्रेक्षकाकडे वळू. महाराष्ट्रात २००३ पासून चित्रपटाच्या प्रारंभी राष्ट्रगीत वाजविले जाऊ लागले. म्हणजे ‘फँड्री’चा येथील प्रेक्षक आधी स्वतः उभा राहिला, मग जब्याला उभे राहिलेले पाहू लागला. पडद्यावर राष्ट्रगीत सुरू झाल्यावर त्याने पुन्हा उभे राहावे काय? ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे केले. कथेचा भाग म्हणून ते वाजत असेल तर उभे राहण्याची गरज नाही, असा खुलासा फेब्रुवारी २०१७ मध्ये केला. आणि ९ जानेवारी २०१८ रोजी मूळ सक्तीही मागे घेतली. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला. नैतिक दृष्टीने मात्र तो तसाच आहे.

कारण उभे राहणे ही आदराची खूण आहे. पाहणे ही आदराची कसोटी आहे. त्या प्रसंगी उभा राहणारा प्रेक्षक अप्रामाणिक असेलच असे नाही. परंतु उभे राहताच आपले कर्तव्य पूर्ण झाले, असे समाधान विधी त्याला देऊ शकतो. बसून पाहणाऱ्याला अशी सुटका नसते. ज्यांच्या सोबतीने ‘आपण’ म्हणायचे, ती माणसे कोणत्या अवस्थेत उभी आहेत, हे त्याला पाहावेच लागते. अर्थात निव्वळ पाहण्यानेही भागत नाही. गावातले लोकही पाहतच होते, आणि त्यांना ती करमणूक वाटत होती. चित्रपटाच्या अखेरीस जब्या छळणाऱ्याच्या दिशेने दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याकडे येतो. प्रेक्षक त्या बघ्यांहून वेगळा आहे काय, हे पडद्यावरून ठरत नाही. ते चित्रपटगृहाबाहेर, राष्ट्रगीत वाजत नसतानाच्या त्याच्या वर्तनावरून ठरते.